ऑर्डर आत घेण्याआधी दारातच तपासा: छोट्या धंद्यासाठी क्लाउड फंक्शनची चौकी



ऑर्डर आली की आपण खूश होतो. मोबाइल वाजला, शीटमध्ये नवी ओळ पडली, चला, धंदा झाला! पण जरा थांबा. आलेली प्रत्येक ऑर्डर पूर्ण करता येण्यासारखी असतेच असं नाही.

समजा, तुम्ही दिवाळी फराळाचे बॉक्स विकता. वेबसाइटवरून, फॉर्मवरून आणि एका कंपनीच्या खरेदी विभागाकडून अशा तीन ऑर्डर एकाच सकाळी आल्या.

- पहिली: नगाच्या जागी "दोन" असं अक्षरात लिहिलंय आणि पिनकोड आहे ४१६००. म्हणजे पाचच आकडे.
- दुसरी: नग २५, पोहोचवायची तारीख ०५/११. ही ५ नोव्हेंबर की ११ मे? तुम्हाला दिवाळी माहीत आहे म्हणून कळतं. कॉम्प्युटरला दिवाळी माहीत नाही.
- तिसरी: नग २००, मोबाइल नंबर ९.१९८१२ई+११. एक्सेलमध्ये ९१ लावून बारा आकडी नंबर टाकला की एक्सेल त्याला मोठी संख्या समजून असं दाखवतं. तशीच फाइल पुढे आली तर फोन कोणाला करायचा?

तिन्ही ऑर्डर दिसायला ऑर्डरच आहेत. शीटमध्ये त्या निमूट जाऊन बसतात. चूक कधी कळते? बॉक्स भरून झाल्यावर, कुरिअरवाला दारात उभा असताना, नाहीतर पार्सल परत आल्यावर.

आता साधं गणित करू. समजा बॉक्सची किंमत ६५० रुपये. माल आणि पॅकिंग ४७० रुपये, कुरिअर ९० रुपये. हातात राहिले ९० रुपये. पिनकोड चुकला, पार्सल फिरून परत आलं, येतानाचे ९० रुपये लागले, आणि फराळ तोवर विकण्यासारखा राहिला नाही. ग्राहकाला पैसे परत दिले. म्हणजे तुमचे ४७० अधिक ९० अधिक ९०, एकूण ६५० रुपये गेले. ते भरून काढायला दुसरे आठ बॉक्स विकावे लागतील! एका चुकीच्या आकड्यापायी आठ बॉक्सची मेहनत.

बीबीएला ऑपरेशन्सच्या विषयात एक गोष्ट शिकवली होती, ती मी आजही दुकानात रोज वापरते: चूक जितकी उशिरा सापडेल तितकी ती महाग पडते. म्हणून चूक पकडण्याची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे दार. आज आपण त्या दारावर एक चौकी कशी बसवायची ते बघणार आहोत. ही चौकी म्हणजे एक छोटं क्लाउड फंक्शन. तुम्हाला स्वतःला कोडिंग येत नसलं तरी हा लेख तुमच्यासाठीच आहे, कारण यातलं अर्धं काम कागदावरचं आहे आणि ते मालकानेच करायचं असतं.

साचा म्हणजे नेमकं काय?

पोस्टाच्या काउंटरवर पार्सल दिलं की तिथला माणूस आधी काय करतो? वजन करतो, पत्ता बघतो, पिनकोड बघतो, मोबाइल नंबर लिहिलाय का बघतो. काही राहिलं असेल तर तिथेच परत देतो. पार्सलच्या आत काय आहे, तुम्ही कोणाला पाठवताय, का पाठवताय, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. त्याच्याकडे एक यादी आहे आणि त्या यादीत पार्सल बसलं पाहिजे, बस.

कॉम्प्युटरच्या भाषेत या यादीला स्कीमा म्हणतात. आपण तिला साचा म्हणू.

एका सॉफ्टवेअरकडून दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे ऑर्डर जाते ती बहुतेक वेळा जेसन नावाच्या मांडणीत. घाबरू नका, जेसन म्हणजे "नाव आणि त्यासमोर किंमत" अशा जोड्यांची साधी यादी. नग: २. पिनकोड: "४१६००२". तारीख: "२०२६-११-०५". एवढंच. आणि अशा यादीत काय असलंच पाहिजे, काय चालेल, काय चालणार नाही, हे लिहून ठेवण्याची ठरलेली पद्धत म्हणजे जेसन स्कीमा. गंमत म्हणजे हा साचासुद्धा जेसनमध्येच लिहितात. एकदा लिहिला की तपासणीचं काम तयार लायब्ररी करते. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी एजेव्ही नावाची लायब्ररी खूप वापरतात, पायथनमध्ये जेसनस्कीमा नावाचीच आहे. दोन्ही फुकट आहेत.

आणि सर्व्हरलेस म्हणजे?

नावावर जाऊ नका. सर्व्हर असतोच, फक्त तो आपला नसतो आणि चोवीस तासांच्या भाड्यावर नसतो.

घरात लग्न असेल तर आपण आचारी बोलावतो. वर्षभर पगारावर ठेवत नाही. तसंच हे. ऑर्डर आली की फंक्शन जागं होतं, तपासणी करतं, निकाल देतं, आणि पुन्हा झोपतं. जेवढा वेळ चाललं तेवढ्याचाच हिशोब. ॲमेझॉनने लॅम्बडा ही अशी सेवा २०१४ मध्ये जाहीर केली. गूगल आणि मायक्रोसॉफ्टकडेही अशीच सेवा आहे. ॲमेझॉनची मुंबईतली डेटा सेंटर्स २०१६ पासून चालू आहेत, त्यामुळे तुमचं फंक्शन मुंबईतच चालवता येतं.

छोट्या धंद्याला हे का सोयीचं? कारण आपल्या ऑर्डर सारख्या येत नाहीत. माझं दुकान स्टेशनरी आणि गिफ्टचं. जूनमध्ये शाळांच्या वह्यांच्या याद्या एकदम येऊन पडतात, आणि पितृपक्षात दिवसाला दोन ऑर्डर आल्या तरी पुष्कळ. दोन ऑर्डरच्या दिवसासाठी महिन्याचं सर्व्हरभाडं कशाला भरायचं?

सरकारसुद्धा हेच करतं

तुम्हाला वाटेल, हे मोठ्या आयटी कंपन्यांचं काम आहे. तसं नाही. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस बघा. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ते लागू झालं. मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्यांनाही दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना ते करावं लागतं.

यात घडतं काय? तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर बिल जेसनमध्ये तयार करून नोंदणीच्या सरकारी पोर्टलला पाठवतं. त्या बिलाचा साचा ठरलेला आहे, त्याचं नाव आयएनव्ही-०१. जीएसटी नंबर १५ अक्षरांचाच हवा. बिल नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. तारीख ठरलेल्या मांडणीतच हवी. पोर्टल आधी हे सगळं तपासतं. बसलं तर बिलाला ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो. नाही बसलं तर चुकीचा कोड आणि कारण परत येतं, आणि बिल नोंदलंच जात नाही.

लक्षात घ्या, पोर्टलवर बसून कोणी माणूस बिलं वाचत नाही. साचा वाचतो. देशभरातली बिलं या पद्धतीने दारात तपासली जातात, तर आपल्या दिवसाच्या पन्नास ऑर्डर का नाही तपासता येणार?

पायरी १: साचा आधी कागदावर लिहा

लॅपटॉप बाजूला ठेवा. एक वही घ्या. तुमची ऑर्डर पूर्ण करायला काय काय लागतं ते एकाखाली एक लिहा. फराळाच्या धंद्यासाठी ती यादी अशी होईल.

- ऑर्डर क्रमांक: हवाच. मजकूर. प्रत्येक ऑर्डरला वेगळा.
- ग्राहकाचं नाव: हवंच. किमान २ अक्षरं.
- मोबाइल: हवाच. मजकूर, संख्या नाही. बरोबर १० आकडे, पहिला आकडा ६ ते ९ पैकी.
- पिनकोड: हवाच. मजकूर. बरोबर ६ आकडे, पहिला आकडा शून्य नको.
- वस्तू: हवीच. आपल्या यादीतल्या कोडपैकीच एक, उदाहरणार्थ चकली, चिवडा, मिक्स बॉक्स.
- नग: हवेत. पूर्ण संख्या. किमान १, कमाल ५०.
- पोहोचवायची तारीख: हवीच. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.
- निरोप: नसला तरी चालेल. असला तर २०० अक्षरांच्या आत.

आता तुम्ही विचाराल, मोबाइल आणि पिनकोड संख्या का नाहीत? सोपी कसोटी सांगते. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची ती संख्या. दोन पिनकोडची बेरीज करून आपल्याला काही मिळत नाही, म्हणून तो मजकूर. संख्या म्हणून ठेवलं की सुरुवातीचं शून्य उडणं, एक्सेलने त्याचं भलतंच रूप करणं, हे प्रकार सुरू होतात.

आणि नगाला कमाल ५० का? ५१ बॉक्सची ऑर्डर नको म्हणून नाही! ५१ वा बॉक्स म्हणजे भाव, ॲडव्हान्स आणि तारीख फोनवर बोलून ठरवायची ऑर्डर. आणि कोणी ५ च्या जागी ५५५ टाइप केलं तर तेही इथे अडकतं. बघा, हा आकडा कोणता डेव्हलपर ठरवणार? तुमच्या कढईत रोज किती माल निघतो हे तुम्हालाच माहीत. म्हणून म्हणते, साचा लिहिणं हे मालकाचं काम आहे.

पायरी २: फंक्शनच्या आत काय घडतं

चार कामं, याच क्रमाने.

एक: आलेला मेसेज मुळात वाचता येतोय का ते बघायचं. कंस राहिला, अवतरणचिन्ह राहिलं, तर तो जेसनच नाही. इथेच थांबायचं.

दोन: साच्याशी ताडून बघायचं. लायब्ररीला सांगायचं की पहिल्या चुकीवर थांबू नकोस, सगळ्या चुका एकदम दे. एजेव्हीमध्ये ही सोय मुद्दाम चालू करावी लागते. नाहीतर ग्राहक पिनकोड दुरुस्त करतो, मग त्याला मोबाइल चुकला म्हणून सांगायचं, मग तारीख. तिसऱ्या फेरीला तो दुसऱ्या दुकानात गेलेला असतो.

तीन: साच्यात न बसणारे धंद्याचे नियम बघायचे. तारीख उलटून गेलेली नाही ना? या पिनकोडला आपण माल पाठवतो का? हाच ऑर्डर क्रमांक आधी येऊन गेलाय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राहकाच्या बाजूने आलेल्या किमतीवर कधीच विश्वास ठेवायचा नाही. ब्राउझरमधून येणारा आकडा बदलता येतो. वस्तूचा कोड आणि नग घ्या, रक्कम आपल्या दरपत्रकावरून आपणच काढा.

चार: निकाल. बरोबर असेल तर ऑर्डर पुढच्या शीटमध्ये आणि ग्राहकाला "ऑर्डर मिळाली". चूक असेल तर कारण.

पायरी ३: नाकारणं म्हणजे हाकलणं नाही

इथे धंद्याचं डोकं वापरायचं. डेव्हलपरला वाटतं, चूक आली, नाकारली, काम झालं. दुकानदाराला माहीत असतं की चुकीची ऑर्डर देणारासुद्धा ग्राहकच आहे. तो पैसे घेऊन दारात उभा आहे!

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, चुकीचा निरोप माणसाच्या भाषेत द्या. "व्हॅलिडेशन फेल" असं दाखवलं तर कोणालाच काही कळत नाही. "पिनकोडमध्ये ६ आकडे हवेत, तुम्ही ५ टाकले आहेत" असं सांगा. प्रत्येक चुकीसाठी एक मराठी वाक्य आधीच लिहून ठेवा.

दुसरी, न बसलेल्या ऑर्डर फेकू नका. त्या "थांबलेल्या ऑर्डर" नावाच्या वेगळ्या शीटमध्ये कारणासकट जाऊ द्या. दिवसातून दोनदा कोणीतरी ती शीट उघडायची आणि फोन करायचा. "ताई, तुमची ऑर्डर आलीय, फक्त पिनकोड एकदा सांगता का?" बहुतेक वेळा एका मिनिटात काम होतं. ग्राहकालाही वाटतं, लक्ष देऊन काम करतात. आमच्याकडे शाळांच्या याद्यांसाठी हीच पद्धत आहे. इयत्ता नाही, वहीची पानं लिहिली नाहीत, तर ती यादी पॅकिंगच्या टेबलावर येतच नाही. आधी फोन, मग पॅकिंग.

एक बारीक गोष्ट. मेसेज माणसाकडून न येता पेमेंट सेवेसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून येत असेल तर नुसता नकार देऊ नका. अशा बऱ्याच सेवा नकार मिळाला की तोच मेसेज पुन्हा पुन्हा पाठवतात. तिथे "मिळाला" असं उत्तर द्या आणि मेसेज थांबलेल्या यादीत टाका. तोच मेसेज दोनदा आला तरी ऑर्डर एकदाच नोंदली जाईल, याची काळजी ऑर्डर क्रमांकावरून घ्यायची. आणि असा मेसेज खरंच त्या सेवेकडूनच आलाय ना, हे त्यासोबतच्या डिजिटल सहीवरून तपासायचं. साचा फक्त मांडणी बघतो, पाठवणारा कोण ते बघत नाही.

साच्यातल्या तीन फटी

आता जे सांगते ते तुमच्या डेव्हलपरला नक्की विचारा. साचा लिहिलेला असतो, तपासणी चालू असते, तरी चुका आत येतात त्या या फटींतून.

पहिली फट: पॅटर्नला सुरुवात आणि शेवट लावलेला नसतो. "सहा आकडे" असा पॅटर्न दिला की सात आकडेही पास होतात, कारण सातांच्या पोटात सहा आहेतच! पॅटर्नच्या सुरुवातीला आणि शेवटी ठरलेल्या खुणा लावाव्या लागतात, तेव्हा तो "सहा म्हणजे सहाच" मानतो.

दुसरी फट: जास्तीची नावं. जेसन स्कीमा मुळात उदार आहे. साच्यात नसलेलं नाव आलं तर तो ते खपवून घेतो. समजा "निरोप" ऐवजी कोणी "नीरोप" पाठवलं. निरोप सक्तीचा नाही, म्हणून ऑर्डर पास. आणि "बिनसाखरेचं द्या, घरी डायबिटीसचा पेशंट आहे" हा निरोप कुठल्या कुठे गायब. जास्तीची नावं चालणार नाहीत, असं साच्यात स्पष्ट लिहावं लागतं.

तिसरी फट: तारखेची तपासणी. "हा मजकूर तारीख आहे" असं साच्यात लिहिलं तरी बऱ्याच लायब्ररी ते आपणहून तपासत नाहीत. एजेव्हीला त्यासाठी वेगळी जोडणी लागते, पायथनच्या लायब्ररीला वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर "परवा" हीसुद्धा तारीख म्हणून पास होते.

या फटी शोधण्याचा उपाय सोपा आहे. फंक्शन तयार झालं की मुद्दाम दहा-बारा चुकीच्या ऑर्डर तयार करा. पाच आकडी पिन, सात आकडी पिन, नग शून्य, नग अडीच, नग अक्षरात, ३१ फेब्रुवारी, रिकामं नाव, चुकीच्या स्पेलिंगचं नाव. सगळ्या अडकल्या पाहिजेत. आणि तीन बरोबर ऑर्डर पाठवा, त्या पास झाल्या पाहिजेत. चौकीदार चोराला अडवतो की नाही हे जितकं बघायचं, तितकंच तो पाहुण्याला अडवत नाही ना हेही बघायचं.

साचा काय पकडू शकत नाही

साचा रूप बघतो, खरेपणा बघत नाही. ४११०३८ हा रूपाने बरोबर पिनकोड आहे, पण ग्राहक राहतो नाशिकला! जीएसटी नंबरचंही तसंच. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं पॅनची. एवढं साचा तपासेल. पण तो नंबर आज चालू आहे की रद्द झालाय, हे जीएसटीच्या साइटवरच बघावं लागतं.

एककाची चूकही साच्याला दिसत नाही. रेझरपेसारख्या पेमेंट सेवेत रक्कम पैशांत येते. ५०० रुपये म्हणजे ५००००. आता ५०००० ही पूर्ण संख्या आहे, शून्याहून मोठी आहे, साचा खूश. पण ती रुपये समजून हिशोबात घेतली तर? ही चूक किती मोठी होऊ शकते बघा. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचून हरवलं. एका सॉफ्टवेअरने आकडे ब्रिटिश एककांत दिले, दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. नासासारख्या ठिकाणी असं घडलं! आपला उपाय साधा: नावातच एकक लिहा. "रक्कम" नको, "रक्कम_पैशांत" लिहा. "वजन" नको, "वजन_ग्रॅम" लिहा. वाचणाऱ्याला शंकाच राहत नाही.

खर्च किती?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. ॲमेझॉनच्या लॅम्बडाला दर महिन्याला १० लाख वेळा फंक्शन चालवणं मोफत आहे, आणि त्यासोबत ४ लाख जीबी-सेकंद इतका चालण्याचा वेळ.

जीबी-सेकंद म्हणजे मेमरी गुणिले वेळ. लॅम्बडाची सगळ्यात छोटी मेमरी १२८ एमबी, म्हणजे जीबीचा आठवा भाग. तपासणीला समजा ०.२ सेकंद लागले, तर एका ऑर्डरला ०.०२५ जीबी-सेकंद. ४ लाखांत अशा १ कोटी ६० लाख तपासण्या बसतात. म्हणजे आधी १० लाखांची मर्यादा लागेल. तुमच्या महिन्याला ३,००० ऑर्डर असतील तर तुम्ही त्या मर्यादेच्या ०.३ टक्क्यावर आहात.

पण दोन काळज्या घ्या. एक, फंक्शनसोबत वापरलेल्या इतर गोष्टी, म्हणजे नोंदी साठवणं, डेटाबेस, गेटवे, यांचा हिशोब वेगळा असतो. खातं उघडताना त्या दिवशीच्या अटी वाचा. दोन, पहिल्याच दिवशी खर्चाचा अलर्ट लावा. महिन्याचा खर्च १०० रुपयांच्या वर गेला की ईमेल आला पाहिजे. त्याला पाच मिनिटं लागतात.

आणि हो, फंक्शनच्या नोंदींत ग्राहकांचे पूर्ण मोबाइल नंबर आणि पत्ते साठवत बसू नका. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. पण कायदा नसता तरी ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती आपण जपायलाच हवी. नोंदीत ऑर्डर क्रमांक आणि चुकीचं कारण पुरतं.

कोडिंग येत नसेल तर

दिवसाला दहाच ऑर्डर असतील आणि त्या गूगल फॉर्मवरून येत असतील, तर आज क्लाउड फंक्शन नको. गूगल फॉर्ममध्ये प्रत्येक छोट्या उत्तराला रिस्पॉन्स व्हॅलिडेशनची सोय आहे. नगाला "१ ते ५० मधली संख्या", पिनकोडला पॅटर्न, आणि खाली चुकीचा निरोप आपल्या शब्दांत. तारखेसाठी तारखेचाच प्रश्न निवडा, वस्तूसाठी यादीतून निवडायचा प्रश्न. तुमचा तोच कागदावरचा साचा इथे अर्ध्या तासात बसतो.

ऑर्डर दोन-तीन वाटांनी यायला लागल्या, की सगळ्या वाटा एकाच दारातून न्यायच्या. तेव्हा फंक्शन लागतं. त्या वेळी डेव्हलपरला काय सांगायचं, ते असं लिहून द्या:

"मला ऑर्डर तपासणारं एक सर्व्हरलेस फंक्शन हवंय. साच्याची यादी सोबत आहे. सगळ्या चुका एकदम, मराठी वाक्यांत परत द्या. साच्यात नसलेली नावं स्वीकारू नका. पॅटर्नला सुरुवात आणि शेवट लावा. तारीख खरोखर तपासा. रक्कम माझ्या दरपत्रकावरून काढा. न बसलेल्या ऑर्डर कारणासकट वेगळ्या शीटमध्ये ठेवा. एक ऑर्डर दोनदा नोंदू नका. सोबतच्या पंधरा नमुना ऑर्डरवर चाचणी दाखवा, मगच उरलेलं पेमेंट. क्लाउडचं खातं माझ्या नावावर आणि माझ्या ईमेलवर हवं."

शेवटचं वाक्य गाळू नका. दुकानाची किल्ली जशी आपल्याकडे असते, तशी क्लाउडच्या खात्याचीही आपल्याकडेच हवी.

आजचा गृहपाठ

मागच्या महिन्यातल्या वीस ऑर्डर काढा. ज्या ऑर्डरसाठी तुम्हाला ग्राहकाला परत फोन करावा लागला, त्यांच्यासमोर खूण करा आणि कारण लिहा. नंबर चुकला? तारीख कळली नाही? कोणता बॉक्स ते स्पष्ट नव्हतं? ही कारणं म्हणजे तुमच्या साच्याच्या पहिल्या ओळी. दुसऱ्याचा साचा उतरवून घेऊ नका. पापडवाल्याला लागणारी माहिती वेगळी, ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना लागणारी वेगळी.

सणाच्या गर्दीत हे काम करता येत नाही, हेही सांगून ठेवते. हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी साचा लिहा, पंधरा दिवस आधी चाचणी घ्या. मग ऑर्डरचा लोंढा आला की पॅकिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाला फक्त पॅकिंग करायचं असतं, शंका काढायच्या नसतात.

तुमच्या धंद्याचा आठ ओळींचा साचा तयार झाला की कमेंटमध्ये टाका, ग्राहकांची नावं आणि नंबर मात्र टाकू नका. मी वाचते आणि कुठे फट दिसली तर सांगते. पुढच्या व्हिडिओत हाच साचा गूगल फॉर्ममध्ये प्रत्यक्ष बसवून दाखवणार आहे. तोवर वही काढा आणि पहिली ओळ लिहा!